कोळशाच्या फिल्टरने फ्लोराइड का गेलं नाही, आणि साठ मुलांच्या वसतिगृहाला किती ॲल्युमिना लागेल

प्रश्न थोडक्यात असा: पांढरकवड्याजवळच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात साठ मुलं राहतात. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ३.८ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. देणगीतून ॲक्टिव्हेटेड कार्बनचा मोठा फिल्टर बसवला, तीन महिन्यांनी पाणी पुन्हा तपासलं, तर आकडा ३.७. आता कुणी चिंचोक्याची पूड सुचवतंय, कुणी विटांचे तुकडे, कुणी ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र दाणे). अधीक्षकांनी विचारलंय, "कोणतं अधिशोषक (पाण्यातला पदार्थ पृष्ठभागावर धरून ठेवणारा माल) घ्यावं, किती किलो लागेल आणि किती दिवस चालेल?"

आधी फिल्टरबद्दल. तो बिघडलेला नाही, आणि पुरवठादारानं हलका कोळसा दिला असंही नाही. ३.८ आणि ३.७ हे एकच उत्तर आहे. एवढा फरक तपासणीतच पडतो. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, आणि त्या आकड्यावरूनच बरेच जण फसतात. ॲल्युमिनाचा पृष्ठभाग त्याच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतकाच, दोनशे ते साडेतीनशे चौरस मीटर. तरी फ्लोराइड तोच धरतो. अधिशोषणात जागा किती आहे यापेक्षा त्या जागेला कोण चिकटतं याला महत्त्व असतं. कोळशाच्या पृष्ठभागाला पाण्यात नीट न रमणारे सेंद्रिय पदार्थ आवडतात: रंग, वास, कीटकनाशकांचे अंश. क्लोरीनही तो खाऊन टाकतो. फ्लोराइडचा आयन मात्र लहानसा, आणि पाण्याचे रेणू स्वतःभोवती घट्ट लपेटून बसलेला. त्याला पाणी सोडून कोळशाकडे जायला काहीच कारण नसतं. ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात, आणि फ्लोराइड त्यांची जागा घेऊन थेट ॲल्युमिनियमला जोडला जातो. ॲल्युमिनियम आणि फ्लोराइड यांची एकमेकांशी ओढ फार मोठी आहे. फ्लोराइड काढण्याच्या बहुतेक स्वस्त पद्धती याच ओढीवर उभ्या आहेत. नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केलेली तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धतसुद्धा.

तेव्हा "कोणतं अधिशोषक" याचं उत्तर ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना. पण ते लगेच मागवू नका. तुमच्या पाण्यात तो किती काम करेल हे फ्लोराइडच्या आकड्यावरून कळत नाही, आणि किलोचा हिशेब तिथेच अडतो.

त्याच्याही आधी एक गोष्ट. शाळेच्या आवारात किंवा गावात एखादी उघडी विहीर असेल, तर तिचं पाणी आधी तपासून घ्या. उथळ विहिरीत फ्लोराइड बऱ्याचदा खोल बोअरपेक्षा कमी सापडतं, कारण त्या पाण्याचा खडकाशी सहवास थोडा असतो. विहिरीत ०.३ निघालं आणि तुम्हाला मिश्रण १.० वर आणायचं असेल, तर बोअरचं एक बादली आणि विहिरीचं चार बादल्या असं प्रमाण येतं. म्हणजे जवळजवळ विहिरीचंच पाणी वापरायचं, निर्जंतुक करून. छपराचं पावसाचं पाणी साठवता येत असेल तर तेही फ्लोराइडच्या बाबतीत उत्तम. हे जमणार असेल तर अधिशोषकाची यातायात करू नका. क्लोरीन टाकणं सोपं असतं, रिजनरेशन, म्हणजे भरलेल्या अधिशोषकातलं फ्लोराइड रसायनांनी काढून तो पुन्हा कामाला लावणं, सांभाळणं सोपं नसतं.

ते जमत नाही असं धरून पुढे जातो.

लक्ष्य किती ठेवायचं? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १.० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. मुलांच्या वसतिगृहासाठी मी १.० च धरेन. कायमचे दात हिरड्यांत घडत असतानाच्या वर्षांत जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर डाग पडतात, आणि ते नंतर जात नाहीत. पाणी उकळून काही साधत नाही हेही स्वयंपाकघरात सांगून ठेवा; पाण्याची वाफ होते, फ्लोराइड भांड्यात राहतं आणि थोडं तीव्रच होतं.

आता तुमच्या पाण्याबद्दल. फ्लोराइडबरोबर चार आकडे मला हवेत: सामू (पीएच), क्षारता, सिलिका आणि नायट्रेट. पहिल्या तिघांवर ॲल्युमिनाची क्षमता ठरते, चौथ्यावर ॲल्युमिना घ्यावा की नाही हेच ठरतं.

सामूचं असं आहे. पाणी किंचित आम्लधर्मी, सामू साडेपाचच्या आसपास, असलं की ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर धन भार असतो आणि ऋण भाराचा फ्लोराइड ओढला जातो. सामू वाढला की तो भार ओसरतो, शिवाय पाण्यातला हायड्रॉक्साइड त्याच जागांसाठी भांडतो. सामू नऊच्या पुढे गेला की क्षमता झपाट्यानं पडते. क्षारता म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, तोही स्पर्धक. सामू सातच्या वर गेला की सिलिकाही स्पर्धेत उतरते, आणि बेसाल्टच्या मुलखातल्या पाण्यात ती बऱ्यापैकी असते. क्लोराइडचा मात्र फारसा त्रास होत नाही. पाणी मचूळ लागलं म्हणून ॲल्युमिना बंद पडत नाही.

यात एक अडचण मुळातच आहे. जिथे फ्लोराइड जास्त, तिथे सामू आणि क्षारताही बहुधा जास्तच असते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं तर त्यानं फ्लोराइडला कॅल्शियम फ्लोराइड करून खाली बसवलं असतं. फ्लोराइड विरघळलेलं टिकतं ते कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात, आणि असं पाणी आठच्या आसपास सामूचं असतं. ॲल्युमिनाला जे पाणी नकोसं, तेच त्याच्या वाट्याला येतं. कंपनीच्या पत्रकावरची क्षमता आणि बोअरवर मिळणारी क्षमता यांत अंतर पडतं ते यामुळे.

मोठ्या योजनांमध्ये पाण्यात आम्ल सोडून सामू साडेपाच-सहावर आणतात, ॲल्युमिनातून नेतात आणि नंतर परत वर नेतात. क्षमता कितीतरी वाढते. वसतिगृहात हे करू नका. रोज आम्ल मोजून सोडणारा पंप, तो बंद पडला तर काय, जास्त सुटला तर काय, हे पाहायला तिथे प्रशिक्षित माणूस नसतो. ॲल्युमिना दुप्पट घ्या, पण मुलांच्या पाण्यात रोजचं आम्ल नको.

नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर गाडी तिथेच थांबवा. ॲल्युमिना नायट्रेटला हातही लावत नाही. विदर्भातल्या शेतीपट्ट्यात हे दोन्ही एकत्र सापडू शकतात. मग आरओ हाच व्यवहारी मार्ग, त्यात बरंचसं पाणी वाया जातं हे मान्य करून. एकूण क्षार फार जास्त असतील तरीही तेच.

चिंचोके, शेवग्याच्या बिया, केळीच्या साली, कडुनिंबाची साल यांच्याबद्दल कळकळीनं सांगतो: यांवर प्रयोग झालेत आणि फ्लोराइड कमी झाल्याचे आकडे खरेही असतात. पण ते प्रयोग बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात फ्लोराइडचं मीठ घालून केलेले असतात. तिथे बायकार्बोनेट नाही, सिलिका नाही, सामू हवा तसा खाली आणलेला, आणि सुरुवातीची तीव्रता कधी पन्नास, कधी शंभर मिलिग्रॅम. अधिशोषकाची "कमाल क्षमता" अशा तीव्र द्रावणातून काढलेली असते. तुम्हाला मात्र पाणी एक मिलिग्रॅमपर्यंत खाली आणायचं आहे, आणि तेवढ्या विरळ पाण्यात तोच पदार्थ त्याच्या कमाल क्षमतेचा लहानसा हिस्साच दाखवतो. वर हे कच्चे सेंद्रिय पदार्थ ओले राहिले की कुजतात, पाण्याला रंग आणि वास देतात, जंतूंना खाऊ घालतात. साठ मुलांच्या पाण्यात ते चालणार नाही.

विटा आणि जांभा दगड यांची गोष्ट जरा वेगळी. त्यांत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, म्हणून तत्त्व बरोबर आहे. श्रीलंकेत ताज्या भाजलेल्या विटांच्या तुकड्यांचे घरगुती फिल्टर वापरले गेले. जांभ्यावर रासायनिक प्रक्रिया करून पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिक काढण्याचं काम आयआयटी खरगपूरनं केलं. पण साध्या विटेची फ्लोराइड धरण्याची ताकद थोडी आहे, आणि ती माती कुठली, भट्टी किती तापली यावर बदलते. एका कुटुंबाचा हंडा वेगळा, साठ मुलांचे रोजचे तीनशे लिटर वेगळे. हाडांचा कोळसा खरोखर चांगलं काम करतो, कारण त्यात हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट असतं आणि फ्लोराइड त्यात जाऊन बसतं; केनिया-टांझानियात तो वापरात आहे. आपल्याकडे हाडांतून गाळलेलं पाणी पालक आणि मुलं पिणार का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि तो सुटत नाही असंच मी धरून चालेन. नालगोंडा पद्धत चालते, पण ३.८ साठी लिटरमागे काही शे मिलिग्रॅम तुरटी, त्याच्या जोडीला चुना, रोजचं ढवळणं, गाळ काढणं आणि पाण्यात उरणारं ॲल्युमिनियम व सल्फेट सांभाळणं, हे सगळं रोज कुणीतरी करायला हवं.

आता हिशेब. अधिशोषकाचा हिशेब फ्लोराइडच्या ग्रॅममध्ये करा, दिवस आपोआप निघतात. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी पाच लिटर, म्हणजे साठ मुलांना ३०० लिटर. आंघोळ-कपड्यांचं पाणी यातून जाऊ देऊ नका. त्यासाठी गाळायची गरज नाही आणि ते पाणी ॲल्युमिनाचा थर काही आठवड्यांत संपवतं. ३.८ वरून ०.८ वर आणायचं तर लिटरमागे ३ मिलिग्रॅम काढायचे. ३०० गुणिले ३ म्हणजे दिवसाला ९०० मिलिग्रॅम, ०.९ ग्रॅम.

सामू आठच्या आसपास आणि क्षारता मध्यम-जास्त असलेल्या पाण्यात मी ॲल्युमिनाची कामाची क्षमता किलोमागे एक ते दीड ग्रॅम फ्लोराइड धरतो. मधला १.२ घेतला, तर ५० किलो ॲल्युमिना ६० ग्रॅम धरेल. ६० भागिले ०.९, साधारण ६६ दिवस, किंवा २०,००० लिटर. पत्रकावर किलोमागे चार-पाच ग्रॅम लिहिलेले असतील आणि पुरवठादार त्यावरून "आठ महिने बघायला नको" म्हणेल. तो आकडा आम्लधर्मी पाण्याचा असतो.

१.२ हा माझा अंदाज आहे. तुमचा आकडा तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत काढू शकता, आणि पैसे खर्च करण्याआधी तो काढाच. पुरवठादाराकडून पाव किलो नमुना मागा, दाणा ०.४ ते १.२ मिलिमीटरचा. धुऊन, वाळवून घ्या. एक लिटरच्या सहा प्लास्टिकच्या बाटल्यांत तुमच्या बोअरचंच पाणी भरा. चार बाटल्यांत अनुक्रमे १, २, ४ आणि ८ ग्रॅम ॲल्युमिना, पाचवीत काहीच नाही, सहावीत सध्याच्या फिल्टरमधला कोळसा ८ ग्रॅम. शेवटची बाटली शाळा समितीसाठी; कोळशाबद्दल कुणाच्या मनात शंका असेल तर ती त्यात फिटेल. चोवीस तास ठेवा, दिवसभर तासा-तासानं हलवा, मग गाळून सहाही नमुने फ्लोराइडसाठी द्या. वजनाला स्वयंपाकघरातला काटा नको. प्रयोगशाळेचा किंवा सोनाराचा काटा घ्या.

वाचायचं असं: २ ग्रॅमच्या बाटलीत पाणी ३.८ वरून १.० वर आलं, तर २ ग्रॅमनं २.८ मिलिग्रॅम धरलं, म्हणजे किलोमागे १.४ ग्रॅम. तिथे पोचायला ४ ग्रॅम लागले तर ०.७. मग ५० किलो ६६ दिवसांऐवजी ३९ दिवस चालेल, आणि तुम्हाला एक तर जास्त माल घ्यावा लागेल किंवा रिजनरेशन लवकर करावं लागेल. ८ ग्रॅमनंही १.० येत नसेल, तर त्या पाण्यात काहीतरी जोरदार स्पर्धक आहे किंवा माल चांगला नाही. दुसऱ्या पुरवठादाराचा नमुना लावून पाहा. तरी तेच आलं तर आरओचा विचार करा.

मांडणी. पन्नास किलो एकाच टाकीत भरू नका. पंचवीस-पंचवीस किलोच्या दोन टाक्या एकामागे एक लावा. एकच टाकी असेल तर बाहेरचं पाणी १.० वर पोचताच ती थांबवावी लागते. त्या वेळी थराचा वरचा भाग पूर्ण भरलेला आणि तळचा अर्धा रिकामा असतो, म्हणजे विकत घेतलेली क्षमता वाया जाते. दोन टाक्या असल्या की पहिलीतून बाहेर येणारं पाणी दोन, अडीचवर गेलं तरी चालतं, दुसरी ते सांभाळते. पहिली पुरेशी भरली की तिचं रिजनरेशन करायचं आणि तिला दुसऱ्या नंबरवर लावायचं. दुसरी पहिली होते. मुलांच्या नळाला कायम ताजी टाकी शेवटी. यासाठी व्हॉल्व्ह आणि पाइप थोडे जास्त लागतात, आणि दोन्ही टाक्यांच्या मध्ये नमुना घ्यायला एक छोटा नळ लागतो. तो नळ पुरवठादार विसरतात. भांडून लावून घ्या.

पंचवीस किलो ॲल्युमिना म्हणजे साधारण ३२ लिटर. बाजारात सहज मिळणारी १० इंच व्यासाची, ५४ इंच उंचीची एफआरपी (फायबरग्लासची) टाकी घेतली तर थर ६०-६५ सेंटिमीटर होतो आणि वर तेवढीच मोकळी जागा उरते. ती जागा वाया गेलेली नसते. बॅकवॉशच्या वेळी, म्हणजे थर धुवायला खालून वर पाणी सोडताना, तो तिथे फुलतो. टाकी गच्च भरून देणारा पुरवठादार तुमचा फायदा करत नसतो.

वेग तासाला २०० लिटर. त्या वेगानं पाणी प्रत्येक टाकीत सुमारे दहा मिनिटं राहतं, दोन्हींत मिळून वीस. दिवसाचे ३०० लिटर दीड तासात गाळून होतात. बोअरच्या पंपाची लाइन थेट जोडली तर तासाला हजार-दीड हजार लिटर जाईल, पाणी जेमतेम दोन-चार मिनिटं थांबेल, आणि थर ताजा असूनही फ्लोराइड निसटेल. फ्लोराइडला दाण्याच्या बाहेरच्या अंगाला नुसतं शिवून भागत नाही, आतल्या बारीक छिद्रांत शिरायला वेळ लागतो. म्हणून वरच्या टाकीतून उतारानं पाणी सोडा, मध्ये एक व्हॉल्व्ह कायमचा ठरावीक जागी बांधून ठेवा, गाळलेलं पाणी वेगळ्या झाकणबंद टाकीत साठवा आणि मुलांना नळ त्या टाकीवरून द्या. फिल्टरच्या थेट पुढे नळ ठेवला तर जेवणाच्या सुट्टीत साठ मुलं एकदम नळ सोडतात आणि वेगाचा हिशेब मोडतो.

गाळलेल्या पाण्याच्या वाटेवर साधं यांत्रिक पाणीमीटर बसवा. संपूर्ण जोडणीतली ही सर्वांत उपयोगी वस्तू. थर लिटरांनी संपतो. दिवाळीच्या सुट्टीत संपत नाही आणि उन्हाळ्यात दुप्पट वेगानं संपतो.

सध्याचा कार्बनचा फिल्टर वाटेतून काढून टाका. तो फ्लोराइडला उपयोगाचा नाही, आणि क्लोरीन खाऊन जंतूंना मोकळं रान देतो. ॲल्युमिनाच्या थरातही जंतू वाढू शकतात, तेव्हा क्लोरीन साठवणीच्या टाकीत, म्हणजे सगळ्यात शेवटी टाका. बोअरच्या पाण्यात लोह असेल, बादलीत तांबूस तळ बसत असेल, तर ॲल्युमिनाच्या आधी वाळूचा फिल्टर हवा. नाहीतर लोहाचा लेप दाण्यांवर बसतो आणि छिद्रं बुजतात.

नवा माल भरल्यावर खालून वर पाणी सोडून बॅकवॉश करा. दहा इंचाच्या टाकीला मिनिटाला सतरा-अठरा लिटर पुरतात. थर तिसऱ्या हिश्श्याइतका फुलला पाहिजे, दाणे बाहेर पडता कामा नयेत. आधी दुधासारखं पांढरं पाणी येईल. ते नितळ होईपर्यंत चालू ठेवा. त्यानंतरचंही पहिल्या दिवसाचं पाणी बागेला सोडा. नव्या ॲल्युमिनातून सुरुवातीला सामू चढलेला असतो आणि ॲल्युमिनियमही जास्त येतं. आयएस १०५०० मध्ये ॲल्युमिनियमची स्वीकारार्ह मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम आणि कमाल ०.२ आहे. वापर सुरू करण्याआधी एकदा ॲल्युमिनियमची तपासणी करून घ्या, आणि पुढे प्रत्येक रिजनरेशननंतर.

पुढे दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं बॅकवॉश. हे टाळलं तर थर दगडासारखा बसतो, पाणी त्यातून एखादी वाट शोधतं आणि तिथूनच धावतं. बाकीचा ॲल्युमिना कोरा राहतो आणि बाहेर फ्लोराइड वाढलेलं दिसतं. मग "माल संपला" असं समजून लोक तो फेकतात. मीटरवरचे लिटर हिशेबापेक्षा फार कमी असताना फ्लोराइड वाढलं, तर आधी बॅकवॉश करा, वेग मोजा, आणि मगच मालाला दोष द्या.

रिजनरेशन हा सगळ्यात जपून करायचा भाग, आणि माझं मत असं की पहिली दोन-तीन वेळा तो पुरवठादाराच्या माणसाकडूनच करून घ्यावा, तेही खरेदीच्या करारात लिहून. काय होतं ते मात्र तुम्हाला माहीत असावं. टाकी वापरातून तोडून आधी बॅकवॉश. मग १०० लिटर पाण्यात १ किलो कॉस्टिक सोडा विरघळवून तो खालून वर, दीड-दोन तासांत, सावकाश सोडायचा. सामू खूप वर गेल्यानं फ्लोराइड जागा सोडतो. मग साध्या पाण्यानं धुणं. आता थर अल्कलीनं भरलेला आहे, या स्थितीत तो फ्लोराइड धरणार नाही. म्हणून १०० लिटर पाण्यात सुमारे ०.९ लिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल मिसळून ते द्रावण सोडायचं, आणि पुन्हा बाहेरच्या पाण्याचा सामू साडेसहा ते साडेआठच्या मध्ये स्थिर होईपर्यंत धुवायचं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, शेजारी भरपूर साधं पाणी, आणि आवारात एकही मूल नाही, अशाच दिवशी. कॉस्टिकच्या वाटेवर ॲल्युमिनियमची बादली किंवा जोड नको. तो त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइपही नको. सगळं पीव्हीसी.

आम्लाची पायरी घाईत अर्धवट सोडणं ही नेहमीची चूक. कॉस्टिकनं फ्लोराइड निघालं, पाण्यानं धुतलं, झालं असं वाटतं. आणि पुढची खेप पहिल्याच्या निम्मीही चालत नाही.

निघालेलं पाणी कुठे टाकायचं हे आधी ठरवा. पंचवीस किलो मालातलं ३० ग्रॅम फ्लोराइड १०० लिटर कॉस्टिकमध्ये उतरतं, म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम, मूळ पाण्याच्या जवळजवळ ऐंशी पट. ते बोअरशेजारी ओतलं तर तेच फिरून परत येईल. कॉस्टिक आणि आम्लाचं पाणी एका पक्क्या, तळ बांधलेल्या हौदात एकत्र करा, त्यात चुना घाला. कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा गाळ बसतो. वरचं पाणी चुन्यानंतरही पिण्याजोगं होत नाही, लिटरमागे दहा-पंधरा मिलिग्रॅम फ्लोराइड त्यात उरतंच. ते त्याच हौदात उन्हानं आटू द्या. हौदाला जाळी आणि कुंपण हवं.

दर खेपेला क्षमता थोडी उतरते, काही दाणे झिजून धुऊन जातात. किती उतरते ते मीटरची नोंदवही सांगेल: प्रत्येक खेपेत किती लिटरला मधल्या नळावर २.० आलं, एवढं लिहीत जा. तो आकडा पहिल्या खेपेच्या साठ टक्क्यांखाली गेला की माल बदला.

तपासणीबद्दल दोन शब्द. रंग बदलणारं फील्ड किट आठवड्याला मधल्या आणि शेवटच्या नळावर वापरा. कल समजायला ते पुरे आहे. पण महिन्यातून एकदा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेतून आकडा आणा. कारण असं की पाण्यात ॲल्युमिनियम उरलं असेल तर ते फ्लोराइडला स्वतःशी बांधून ठेवतं, आणि साध्या किटवर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. प्रयोगशाळेला नमुन्यासोबत सांगा की हे ॲल्युमिनातून आलेलं पाणी आहे, म्हणजे ते इलेक्ट्रोडनं मोजताना ॲल्युमिनियमपासून फ्लोराइड सोडवणारं योग्य बफर द्रावण वापरतील. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत द्या.

मे महिन्याच्या सुट्टीसाठी: बंद करताना बॅकवॉश करा, टाक्या पाण्यानं भरलेल्या ठेवा, थर कोरडा पडू देऊ नका. जूनमध्ये उघडताना पुन्हा बॅकवॉश, एका टाकीच्या थरामागे दीडशे लिटर पाणी वाया सोडा, साठवण टाकी क्लोरीननं धुवा, आणि जंतूंची तपासणी आल्यावरच नळ उघडा. आवारात हातपंप असेल तर त्यावर लाल रंग मारून "पिण्यासाठी नाही" असं मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहा. मुलं खेळून आली की जवळच्या पाण्याला तोंड लावतात, आणि तिथे आपला सगळा ॲल्युमिना निरुपयोगी.

सामू, क्षारता, सिलिका आणि नायट्रेटचे आकडे व सहा बाटल्यांचे निकाल इथेच टाका. नायट्रेट ४५ च्या आत आणि २ किंवा ४ ग्रॅमच्या बाटलीत १.० आलं असेल, तर वरची मांडणी तशीच चालेल, फक्त किलो आणि दिवस बदलतील. ते मी मांडून देईन.